सत्तर गुण : विद्यापीठाची आचारसंहिता आणि कादंबरीतला प्राध्यापक

विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी जे विनियम काढले, त्यांच्या सतराव्या कलमात अध्यापकांची व्यावसायिक आचारसंहिता आहे. तिचा बराचसा मजकूर २०१० च्या विनियमांतून आला, आणि त्याचे मूळ आयोगाच्याच एका कृतिदलाने १९८९ साली दिलेल्या अहवालात आहे. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ हा मजकूर महाविद्यालयांच्या फायलींत, स्वयंमूल्यमापन अहवालांच्या परिशिष्टांत आणि आता संकेतस्थळांवर फिरतो आहे. नॅकची समिती येणार असली की तो फलकावर रंगवूनही लावतात. तो वाचणारे मात्र थोडे. या लेखात मी त्याच्याकडे एक संहिता म्हणून पाहणार आहे. संहिता या शब्दाचे नियमांचा संच आणि लिहिलेला मजकूर असे दोन्ही अर्थ इथे मला हवे आहेत. आणि त्याच्या शेजारी मला एक कादंबरी ठेवायची आहे, जिच्यात एका सार्वजनिक विद्यापीठाची आचारसंहिता प्रत्यक्ष कामाला लागलेली दिसते.

आधी आपली संहिता. अध्यापकाने समाजाला अपेक्षित असलेले जबाबदार वर्तन ठेवावे. आपले खाजगी व्यवहार व्यवसायाच्या प्रतिष्ठेला साजेसे ठेवावेत. अभ्यास आणि संशोधन चालू ठेवावे. विद्यार्थ्यांच्या मताचा आणि प्रतिष्ठेचा आदर करावा. धर्म, जात, लिंग, राजकीय वा आर्थिक स्थिती न पाहता सर्वांशी न्यायाने वागावे. तासांव्यतिरिक्तही विद्यार्थ्यांना वेळ द्यावा आणि त्याचा मोबदला घेऊ नये. राष्ट्रीय वारसा समजून घ्यायला त्यांना मदत करावी. सहकाऱ्यांविरुद्ध वरिष्ठांकडे निराधार आरोप करू नयेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना समान भागीदार मानावे. यातल्या एकाही वाक्याशी कुणाचे भांडण होण्याचे कारण नाही, आणि संहितेची पहिली अडचण हीच आहे. भांडण होऊ शकत नाही असे वाक्य बहुधा कुणाला काही करायलाही लावत नाही. घराघरांत भिंतीवर टांगलेल्या सुविचारांच्या तक्त्यासारखी तिची अवस्था आहे.

तरी या यादीत एक वाक्य वेगळे आहे. विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचे मूल्यमापन करताना त्याने काय साध्य केले एवढेच पाहावे, अशा अर्थाचे. बाकीची वाक्ये स्वभावाविषयी आहेत, हे वाक्य एका कृतीविषयी आहे. ते पाळले की मोडले हे पाहता येते. उत्तरपत्रिका आहे, गुणपत्रक आहे, हजेरीपट आहे. त्यांचा ताळमेळ लागतो किंवा लागत नाही. पण संहितेत हे वाक्य राष्ट्रीय वारशाच्या वाक्याच्या आसपास, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच वजनाने बसलेले आहे. सार्वजनिक विद्यापीठाचा कर्मचारी समाजाचा विश्वास ज्या जागी सांभाळतो किंवा घालवतो, ती जागा हीच आहे, असे वाचकाला कुठेही जाणवत नाही.

आता कादंबरी. जे. एम. कोएत्झी यांची ‘डिसग्रेस’ १९९९ साली आली आणि त्याच वर्षीचे बुकर पारितोषिक तिला मिळाले. कोएत्झी स्वतः केप टाउन विद्यापीठात अनेक वर्षे इंग्रजी शिकवत होते. कादंबरीतला डेव्हिड लुरी बावन्न वर्षांचा आहे. एकेकाळी तो आधुनिक भाषांचा प्राध्यापक होता. विद्यापीठाच्या पुनर्रचनेत त्याचा विभाग बंद झाला आणि आता तो एका तांत्रिक विद्यापीठात ‘संज्ञापन’ शिकवतो. वर्षातून एक विषय आपल्या आवडीचा घेण्याची मुभा आहे, म्हणून तो स्वच्छंदतावादी कवी शिकवतो. त्याच वर्गात मेलनी आयझॅक्स ही विद्यार्थिनी आहे. तो तिला घरी बोलावतो, तिच्या मागे लागतो, तिच्या खोलीवर न सांगता जातो. तिथे जे घडते त्याला तो स्वतःशी बलात्कार म्हणायला तयार नाही, पण तिला ते नको होते हे त्याला पुरते कळलेले आहे. पुढे तक्रार, चौकशी समिती, नोकरी जाणे, आणि मग मुलीच्या शेतावरचा तो भयंकर प्रसंग. कादंबरीचा मोठा भाग त्या शेतावर घडतो, आणि तिच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्याचा ओघही साहजिकच तिकडे असतो. चौकशीची प्रकरणे प्रास्ताविकासारखी वाचली जातात.

पण त्या प्रकरणांत दोन आरोप आहेत, एक नव्हे. पहिला मेलनीने केलेला, विद्यापीठाच्या आचारसंहितेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखालचा : अध्यापकाकडून विद्यार्थ्याची छळणूक. दुसरा कुलसचिवांनी, विद्यार्थी-नोंदींच्या कार्यालयामार्फत आणलेला. मेलनी सर्व तासांना हजर नव्हती, तिने सर्व लेखी काम दिले नाही, परीक्षा दिल्या नाहीत, तरी लुरीने तिच्या नावावर ते सर्व जमा दाखवले, असा. हा दुसरा आरोप खरा आहे हे वाचकाने आधीच पाहिलेले असते. सहामाही चाचणीला ती आलीच नाही. लुरीने नोंदवहीत तिच्यापुढे हजेरीची खूण केली आणि सत्तर गुण मांडले. पानाच्या तळाशी पेन्सिलने हे गुण तात्पुरते असल्याची टीपही लिहून ठेवली. सत्तर हा आकडाही कोएत्झींनी विचार करून निवडलेला आहे. तो धड चांगलाही नाही, वाईटही नाही. कचरणाऱ्या माणसाने दिलेला आहे.

ही नोंद मेलनीने मागितली नव्हती. मला वाटते, पूर्वार्धातली ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. त्याने तिला काही देऊ केले आणि तिने ते घेतले असा सौदा इथे झालेलाच नाही. तिच्या नकळत तिच्या नावावर एक खोटी जमा टाकली गेली. आता ती तक्रार करायला गेली तर तिच्याच नोंदी संशयास्पद. पुढे त्याच्यातला प्राध्यापक जागा होतो आणि तो तिला सांगतो की चाचणी द्यावी लागेल, आपल्याला विद्यार्थ्यांविषयी जबाबदाऱ्या आहेत. ज्याने परीक्षा न घेता गुण दिले तोच तिला परीक्षेचे महत्त्व सांगतो. कोएत्झी या विसंगतीवर भाष्य करत नाहीत. त्या वर्गात बाकीची मुलेही आहेत. त्यांतल्या कुणाला खरोखर पेपर लिहून सत्तरच पडले असतील. त्यांच्याकडे लुरीचे लक्ष जात नाही. संहितेचेही जात नाही.

चौकशी समितीत काय होते? लुरी पहिल्याच झटक्यात दोन्ही आरोप मान्य करतो. मेलनीचे निवेदन तो वाचतही नाही. तिने जे म्हटले असेल ते मान्य, शिक्षा सांगा आणि मोकळे व्हा, असा त्याचा पवित्रा. समितीचे अध्यक्ष, धर्मअभ्यासाचे प्राध्यापक मथाबाने, सौम्य गृहस्थ आहेत. समितीतल्या फरोडिया रसूल मात्र अडून बसतात : तुम्ही नेमके काय मान्य करता आहात ते सांगा. त्यांचा हा आग्रह मला योग्य वाटतो, आणि लुरीचे न वाचता मान्य करणे हा मला तक्रारदाराचा आणखी एक अपमान वाटतो. अनेक वाचकांना या दृश्यात लुरी तत्त्वनिष्ठ आणि समिती ढोंगी दिसते. कादंबरी लुरीच्या नजरेतून सांगितलेली आहे, त्यामुळे तसे होणे स्वाभाविक. पण नजर त्याची म्हणून निवाडाही त्याचाच धरण्याचे कारण नाही.

गोष्ट बिघडते ती पुढे. नेमके काय घडले या प्रश्नावरून समिती हळूहळू लुरीच्या अंतःकरणाकडे वळते. त्याला पश्चात्ताप झाला आहे का? तो समुपदेशन घेईल का? मथाबाने नंतर त्याला फोनवर एक तयार मसुदा वाचून दाखवतात; त्यावर सही केली तर नोकरी वाचण्याची वाट निघू शकते. माफी मनापासूनची आहे की नाही यात आम्ही जाणार नाही, असेही ते सांगतात. लुरी सही करत नाही. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या नुकत्याच होऊन गेल्या होत्या, जाहीर कबुलीजबाबाचे वारे होते, आणि कोएत्झींनी त्या वातावरणाचा एक विद्यापीठीय अवतार इथे उभा केला आहे हे उघड आहे. मात्र या सगळ्या गदारोळात दुसऱ्या आरोपाचे काय झाले? तो मान्य झाला आणि विसरला गेला. सत्तर गुणांविषयी एकही प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याची शहानिशा पाच मिनिटांत कागदावर करता आली असती तो बाजूला राहिला, आणि ज्याची शहानिशा कोणत्याही समितीला कधीच करता येणार नाही, त्या माणसाच्या मनावर सगळा वेळ गेला.

हे दूर केप टाउनमधले नाटक म्हणून सोडून देता येत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा आणि त्याखालचे त्याच वर्षीचे नियम आपल्याकडे आहेत. त्या नियमांतल्या नवव्या नियमात दोषी व्यक्तीवर करायच्या कारवाईची जी यादी आहे, तिच्यात ताकीद, वेतनवाढ रोखणे, बडतर्फी, समुपदेशन यांच्याबरोबर लेखी माफीही आहे. म्हणजे मथाबानेंनी फोनवर वाचलेला मसुदा आपल्याकडे कायदेशीर शिक्षा आहे. आयोगाच्या यासंबंधीच्या २०१५ च्या विनियमांनुसार विद्यापीठातल्या अंतर्गत समितीची अध्यक्ष स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया असून चालत नाही, शिक्षकेतर कर्मचारी आणि प्रसंगी विद्यार्थीही सदस्य असतात. रचना चांगली आहे, कोएत्झींच्या समितीपेक्षा अधिक विचाराने केलेली. पण लेखी माफी हाती आल्यावर तक्रारदार मुलीच्या अंतर्गत गुणांचे काय, तिचा मार्गदर्शक कोण, तिच्या प्रबंधावर सही कुणाची, हे प्रश्न माफीपत्राने सुटत नाहीत. ते नोंदींचे प्रश्न आहेत आणि नोंदींच्या टेबलावरच सुटतात.

त्या टेबलाची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९८५ साली मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या निकालासाठी गुणपत्रकात फेरफार झाल्याचा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ताशेरे ओढले आणि मार्चमध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला; प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राजकीय इतिहासात हे प्रकरण एक मुख्यमंत्री गेला म्हणून लक्षात ठेवले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. न्यायालयात कोण गेले? विद्यापीठाचा अधिकारी गेला नाही, परीक्षक गेला नाही, परीक्षा विभागातले कुणी गेले नाही. त्याच परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला एक उमेदवार गेला. ज्या कारकुनांच्या, परीक्षकांच्या हातांखालून ते कागद गेले, त्यांच्यापैकी किती जणांना काय दिसले असेल याचा अंदाज वाचकाने करावा. महाराष्ट्रात परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा तेव्हा होता. तो १९८२ चाच आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे प्रमाण-संहिता नियम १९८४ मध्ये झाले होते. कायदा होता, नियम होते. उणीव त्यांची नव्हती.

इथे आपल्या आचारसंहितेतल्या दुसऱ्या एका वाक्याकडे परत जावे लागते : सहकाऱ्यांविरुद्ध वरिष्ठांकडे निराधार आरोप करू नयेत. वाक्य न्याय्य आहे. द्वेषाने केलेल्या निनावी अर्जांनी कितीतरी चांगल्या शिक्षकांची आयुष्ये कडवट केली आहेत. पण आधार कुणी शोधायचा, आधार ज्या कपाटात आहे त्याची किल्ली कुणाकडे, आणि आधार घेऊन बोलणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, याबद्दल संहिता काही सांगत नाही. बोलू नये हे तिला सांगता येते; बोलावे हे ती फारच मोघम सांगते. व्यावसायिक सभा-परिषदांत मोकळेपणाने मत मांडावे, इतकेच. कार्यालयात, दुपारी चार वाजता, एक विशिष्ट कागद पाहिल्यावर काय करावे?

या मौनाची विनोदी बाजू किंग्स्ली एमिस यांच्या ‘लकी जिम’मध्ये (१९५४) आहे. जिम डिक्सन एका प्रांतिक ब्रिटिश विद्यापीठात परिवीक्षेवर आहे. त्याचा एकुलता एक शोधनिबंध एल. एस. केटन नावाचा संपादक छापण्यासाठी ठेवून घेतो, अर्जेंटिनात अध्यासनावर रुजू होतो, आणि तो निबंध इटालियन भाषेत स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करतो. जिम काय करू शकतो? काही नाही. नोकरी कायम होणे विभागप्रमुख वेल्च यांच्या लहरीवर आहे. गंमत अशी की जिमला स्वतःच्या निबंधाविषयी काडीचाही आदर नाही. चोरीला गेलेली वस्तू तिच्या मालकालाही टाकाऊ वाटते. संशोधनाची सक्ती झाली की वाङ्मयचौर्याची लायकी किती घसरते हे एमिसने इतक्या लवकर ओळखले होते.

याच्यासमोर आयोगाचे जुलै २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम ठेवून पाहा. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत पहिली पायरी, साठपर्यंत दुसरी, त्याच्या वर तिसरी. तिसऱ्या पायरीवर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. अध्यापकाच्या मात्र लागोपाठ दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळायचे. एकाच अपराधासाठी शिकणाऱ्याचे करिअर संपते आणि शिकवणाऱ्याची पगारवाढ लांबते, हे या तक्त्यात कुणाला खटकले नसावे. शिवाय केटनची इटालियन चोरी या मोजपट्टीत शून्य टक्के भरली असती. शब्दाला शब्द जुळवणाऱ्या यंत्रणेला भाषांतर दिसत नाही. इंग्रजी ग्रंथांची प्रकरणेच्या प्रकरणे भाषांतरून आपल्या नावावर घालण्याची सोय ज्या भाषांत आहे, त्यांत मराठी आहे, आणि मराठी विभागांतल्या प्रबंधांचे परीक्षण करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे टक्केवारी उपयोगाची नाही; दोन्ही पुस्तके वाचलेला परीक्षक लागतो. सार्वजनिक विद्यापीठाने अशा परीक्षकाला किती वेळ आणि किती मानधन द्यायचे ठरवले आहे, तेही नैतिकतेचेच प्रकरण आहे, पण ते संहितेत येत नाही.

मराठी कादंबरीने प्राध्यापकाकडे पाहिले ते बहुतेक खाजगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांतून. भालचंद्र नेमाडे यांची ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ ही चार पुस्तके १९७५ ते १९७९ या काळात आली, आणि इंग्रजीचा अधिव्याख्याता चांगदेव पाटील गावोगाव नोकऱ्या बदलत गेला. स्टाफरूममधले जातवार गट, संस्थाचालकांची मर्जी, कुणाला कायम करायचे आणि कुणाला काढायचे याचे राजकारण हे सगळे तिथे इतक्या तपशिलाने आहे की आयोगाच्या कृतिदलाने ती पुस्तके वाचली असती तर अहवाल वेगळा झाला असता. व्यवसायात जात, पंथ, धर्म, वंश, लिंग यांना थारा देऊ नये असे एक वाक्य संहितेत आहेच. चांगदेवच्या स्टाफरूममध्ये ते वाक्य कुणीही नाकारणार नाही. प्रत्येक गट ते दुसऱ्या गटाविषयी लिहिले आहे असे समजून मान डोलावेल.

नेमाड्यांचा चांगदेव आणि कोएत्झींचा लुरी यांच्यात एक फरक आहे. चांगदेव नोकरी सोडतो. व्यवस्थेत राहून हात काळे करण्यापेक्षा बिढार हलवणे त्याला बरे वाटते. मराठी वाचकाने त्याच्यावर प्रेम केले ते या अस्वस्थ निघून जाण्यासाठी, आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही प्रामाणिक माणूस गाव सोडतो तेव्हा त्याच्या मागे नोंदवही तिथेच राहते, तिच्यावर दुसऱ्याचा हात पडतो. मराठीत नंतर लिहिल्या गेलेल्या शिक्षणक्षेत्राच्या कथनांत निघून जाणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. राहून, त्याच टेबलावर बसून, चुकीच्या कागदावर सही न करणाऱ्या माणसाची कादंबरी मला अजून सापडायची आहे. असा माणूस प्राध्यापक असेलच असेही नाही. तो कदाचित परीक्षा विभागातला वरिष्ठ लिपिक असेल, ज्याला आयोगाची आचारसंहिता समान भागीदार म्हणते आणि एवढे म्हणून सोडून देते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावे लागले. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात विद्यापीठाच्या इमारतींत रात्री बसलेल्या माणसांची गोष्ट कुणी लिहिलेली नाही.

‘डिसग्रेस’च्या उत्तरार्धात लुरी मेलनीच्या घरी जातो. तिचे वडील शाळेचे मुख्याध्यापक. ते त्याला जेवायला बसवतात. तिथे तो तिच्या आईसमोर आणि धाकट्या बहिणीसमोर गुडघे टेकतो, कपाळ जमिनीला लावतो. समितीला जे मिळाले नाही ते इथे मिळते, असे वाटेपर्यंत कोएत्झी दाखवतात की त्या धाकट्या मुलीकडे पाहतानाही त्याच्या मनात पूर्वीचीच वासना चाळवते आहे. त्याच्या पश्चात्तापाचे माप त्याच्या स्वतःच्याही हाती नाही. मेलनी तिथे नसते. वडील सांगतात की तिने शिक्षण पुन्हा सुरू केले आहे, विद्यापीठाने तिला खास सवलत दिली. ही सवलत कुणी दिली, कोणत्या टेबलावर तिचा अर्ज आला, त्या सत्तर गुणांवर रेघ ओढली की ते तसेच राहू दिले, हे कादंबरी सांगत नाही; लुरीला ते विचारावेसे वाटत नाही, आणि कथन त्याच्या नजरेबाहेर जात नाही.